पायदळातल्या दादास

पुएर्तो लेगीसामो, ५ मार्च २००६

दादा,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखलं असशील तर पाकीट लगेच चुरगाळू नकोस, आधी एवढं वाच: आई बरी आहे. घरातलं कुणी गेलेलं नाही. तुझ्या नायिबेचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती शिट्टी वाजवायला शिकली आहे. आता चुरगाळायचं तर चुरगाळ.

नायिबेच्या बाप्तिस्म्याचं जेवण आठवतं? तेव्हा ती मुठीएवढी होती. तेव्हापासून आपण एकमेकांशी बोललेलो नाही. लोकांना सांगितलं तर हसतात. म्हणतात, भाऊ भाऊ जमिनीवरून भांडतात, बाईवरून भांडतात. तुम्ही गणवेशावरून कसले भांडता?

"तुझ्यासाठी कॅप्टनपुढे हात जोडले मी," तू म्हणाला होतास. ताटातला भात तसाच होता तुझ्या. "माझ्या तुकडीत जागा ठेवली होती. आणि तू जाऊन बेडकांत भरती झालास!"

"मरीन म्हणतात त्यांना, दादा."

"सैनिक पायांनी चालतो. तुम्हाला वाहून नेतात. आरमाराच्या बोटीवर तांदळाची पोती चढतात आणि मागून तुम्ही चढता. तळ आईच्या चुलीपासून अर्ध्या तासावर आहे, म्हणून गेलास तू तिकडे. दुसरं काही नाही."

मग मीही बोललो. काय बोललो ते तुला आठवत असेल, मला लिहायचं नाही. आईने भाताचा डाव टेबलावर आपटला तेव्हा कुठे थांबलो.

तर त्या आईच्या चुलीजवळच्या माणसाला सरकारने कुठे पाठवलं ते बघ. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. समोर पुतुमायो नदी, पलीकडे पेरू, मागे जंगल. भात आहे, पण नारळाशिवाय. मासा आहे, पण त्याला समुद्राची चव नाही. मी वेगवान बोट चालवतो. तिला आम्ही पिरान्या म्हणतो, कारण ती त्या चावऱ्या माशासारखी छोटी आहे आणि तिला सगळीकडून दात, म्हणजे बंदुका, आहेत.

तू एक म्हणाला होतास ते मात्र अगदी खरं निघालं. आम्हाला आपलं म्हणणारं कुणी नाही. आरमाराचे खलाशी पांढऱ्या कपड्यांत येतात आणि म्हणतात, फरशी पुसली आहे, बूट बाहेर काढा. लष्करवाले बेडूक म्हणतात. हवाई दलवाले तर नावही विचारत नाहीत, फक्त वजन विचारतात. आमच्या अंगावर चिखल तुमच्याएवढाच आहे, पण पगार आरमाराचा; आणि आरमाराच्या जेवणाच्या रांगेत आम्ही शेवटी. परवा इथे जेवताना हाच वाद निघाला, की मग आपण आहोत तरी कोण. माझा गोळंदाज चुंदीचा आहे, आपल्या बाजूचाच. तो चमचा चाटत म्हणाला, "बोटीचं नाक काठाला टेकतं आणि पहिला माणूस उडी मारतो ना, तेवढं आपलं. खलाशी त्याच्या पुढे येत नाही आणि लष्कर अजून पोचलेलं नसतं. तेवढा काठ आपला."

मला ते पटलं. तुला पटणार नाही, म्हणून तुला लिहिलं.

दादा, आईने रेडिओवरून सांगितलं. तुझा उजवा पाय, गुडघ्याच्या खाली. सुरुंग. ती रडत होती आणि मध्येच आवाज तुटत होता, त्यामुळे मला तीन वेळा "कोणाचा?" असं विचारावं लागलं.

काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून बेडकांच्या गोष्टी लिहितोय.

एदेर


पुएर्तो लेगीसामो, २३ एप्रिल २००६

दादा,

उत्तर आलं नाही. बरं. मी लिहीत राहणार. विमान आठवड्यातून दोनदा येतं आणि पोस्टाची पिशवी रिकामी गेली की वैमानिकालाही वाईट वाटतं.

अक्षर वेडंवाकडं दिसेल. बोटीत बसून लिहितोय, म्हणून.

तुझी माणसं भेटली. लष्कराची एक तुकडी नदीच्या वरच्या अंगाला सोडायची होती, ते काम आमच्याकडे आलं. काठावर सगळे तोंड वाकडं करून उभे. एकजण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "या बेडकांना पगार नदीचा मिळतो की डबक्याचा?"

माझा गोळंदाज काही कमी नाही. बोट सुटल्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "चिखल्यांनो, पाय आत घ्या. इथले मासे बुटासकट खातात."

सगळ्यांनी पाय आत घेतले. त्यांच्या सार्जंटनेही घेतले. मग वळणावर मी जरा वेग दिला आणि तुझे दोन शूर शिपाई बोटीच्या कडेवरून वाकून सकाळचा नाश्ता नदीला देऊन मोकळे झाले. मी हसलो. तूही हसला असतास, नाही म्हणू नकोस.

त्यांच्यात एक बोयाकाकडचा होता, डोंगरातला. पार्मेनियो गुआकेता नाव. वय असेल पंचविशीचं, गाल थंडीने भाजल्यासारखे लाल. तुला माहीत आहे ती माणसं कशी बोलतात, कुत्र्यालाही अहो म्हणतात. माझ्या मागे बसला होता आणि दोन्ही हातांनी माझा पट्टा धरला होता.

"आपण ही बोट थोडी सावकाश न्याल का?" म्हणाला. "आमच्याकडे पाणी फक्त भांड्यात असतं हो."

"पोहता येतं का?" मी विचारलं.

"मी बटाटे लावणारा माणूस. बटाटा पोहतो का, साहेब?"

त्याला घरी दोन वर्षांची मुलगी आहे. तिचा फोटो त्याने मला पूर्ण वेगात, पाण्याचे तुषार उडत असताना दाखवला. एवढा घाबरलेला माणूस, पण फोटो काढायला एक हात सोडला त्याने.

उतरताना त्यांच्या सार्जंटने माझ्या छातीवरचं नाव वाचलं. त्याचं नाव ओस्पिना.

"मोरेलो? सान आन्तेरोचा? विल्फ्रिदो मोरेलो तुझा कोण?"

"भाऊ."

तो पुन्हा बोटीत बसला. त्याचे लोक काठावर ताटकळत उभे होते, तरी बसला. म्हणाला, "तुझा भाऊ रांगेत पहिला चालायचा. कुणाला पाळी घेऊ द्यायचा नाही. मी चार वर्षं त्याच्या ठशांत पाय ठेवून जगलोय." मग जरा थांबून म्हणाला, "तुझ्याबद्दल बोलायचा तो. माझा धाकटा बोटीवर असतो म्हणायचा. तिथे पायाखाली सुरुंग नाही, तेवढं बरं झालं म्हणायचा."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मी बोट परत आणली.  

एदेर


पुएर्तो लेगीसामो, २८ मे २००६

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सगळं इथे उतरवून काढतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही कळेल: "लष्करातल्या माणसाला बोट लागत नाही. पेट्रोलचा वास लागतो. ओस्पिना फार बोलतो. पुन्हा लिहू नकोस. वि."

सात वर्षांनी भावाचे चार शब्द. मी ते खाटेच्या डोक्याशी खिळ्याने ठोकलं आहे. माझा गोळंदाज म्हणतो, प्रेमपत्र म्हणून काही खास नाही, पण अक्षर चांगलं आहे.

एवढ्यावर मी नाचलो असतो. पण काल आईशी बोललो.

दादा, लेदिस वहिनी बोगोटाला, तुझ्या लष्करी इस्पितळात, आली होती. लोरिकाहून बस पकडली, रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस बसून आली. बर्फाच्या डब्यात तळलेला बोकाचिको मासा, नारळाचा भात, बाटलीत आंबट साय. तुझ्या त्या थंड शहराची तिला माहिती नाही. बिचारी चपला घालून आली होती. आणि तू खाली निरोप पाठवलास, की मोरेलो नावाचं इथे कुणी नाही.

ती तिथल्या बाकावर दुपारपर्यंत बसली. मग डबा दारावरच्या शिपायाला दिला आणि परतीची बस धरली. आई सांगत होती, वहिनी घरी येऊन एकही शब्द वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, "मासा फुकट गेला नाही. शिपाई भुकेला होता."

मी धाकटा. तुझ्याच हाताचा मार खाऊन मोठा झालो. बाबा गेल्यावर मला बूट तू घेतलेस, शाळेत तू घातलंस. मला हे बोलायचा अधिकार नाही. तरी बोलतो. जो माणूस सुरुंगांच्या वाटेवर पहिला चालतो, तो बायको आली की पांघरूण डोक्यावर ओढून घेतो? याला पायदळ म्हणतात का तुमच्यात? आमच्यात याला वेगळा शब्द आहे. तो आईसमोर उच्चारता येत नाही.

ती तुझ्या पायाला भेटायला आली नव्हती. तो आता नाही म्हणून तिचं काय अडणार होतं? ती तुला भेटायला आली होती.

माझ्या अंगात थोडी कणकण आहे, त्यामुळे जास्त चिडलो असेन. पण खोडणार काही नाही.

एदेर


पुएर्तो लेगीसामो, २ जुलै २००६

दादा,

आज मी एक खोटं बोललोय आणि त्यात तुला अडकवलं आहे. सगळं नीट सांगतो. मग शिव्या दे.

सकाळी नदीवर धुकं आणि पाऊस, दोन्ही. आम्ही वरच्या चौकीवर होतो. रेडिओवर ओस्पिनाचा आवाज आला. त्याच्या तुकडीतल्या एकाचा सुरुंगावर पाय पडला होता आणि हेलिकॉप्टर यायला तयार नव्हतं. हवाई दलाला मी दोष देत नाही, दादा; मला समोरचा काठ दिसत नव्हता, त्यांना ढगातून काय दिसणार? ओस्पिना म्हणाला, "आम्ही त्याला नदीपर्यंत आणतो. पुढचं तुमचं."

आम्ही सांगितलेल्या जागी जाऊन बोटीचं नाक चिखलात घुसवलं आणि वाट बघत बसलो. पाऊस थांबेना. गोळंदाज बंदुकीवर होता, मी सुकाणूवर, आणि आमच्याबरोबर आरमाराचा वैद्यकीय शिपाई होता, तो पांढऱ्या कपड्यांतला, फरशी पुसली म्हणणारा. तो ओठ चावत उभा होता. मग झाडीतून ते आले. फांदीला झोळी बांधलेली, चौघांच्या खांद्यावर, कमरेएवढ्या चिखलातून. सगळ्यांत पुढे ओस्पिना, एकटा, प्रत्येक पाऊल बघून टाकत.

झोळी घ्यायला मी बोट सोडून पाण्यात उडी मारली. आत बघितलं तर पार्मेनियो होता. बटाटेवाला.

खलाशाने बोटीच्या तळाशी गुडघे टेकले आणि त्याचं ते पांढरंशुभ्र सगळं क्षणात कसं झालं ते मी लिहीत नाही. त्याचे हात एकदाही चुकले नाहीत, एवढं लिहितो. मी त्याच्याबद्दल आजवर जे जे बोललो ते गिळलं.

ओस्पिना काठावरच राहिला. त्याला आपल्या लोकांना परत न्यायचं होतं. तो फक्त म्हणाला, "मोरेलो, सावकाश नको नेऊस."

नाही नेली. त्या नदीत मी कधी एवढ्या वेगाने बोट घातली नाही, आणि दिसत तर काहीच नव्हतं. ओंडके चुकवत होतो की ओंडकेच मला चुकवत होते, देव जाणे. पार्मेनियोचं डोकं माझ्या बुटापाशी होतं. तो शुद्धीवर होता. वर बघत होता माझ्याकडे.

"साहेब, पाय आहे का हो?"

खलाशाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "डावा आहे."

 तो म्हणाला, "बटाट्याचं शेत उतारावर आहे आमचं." एवढंच. त्याने डोळे मिटले आणि खलाशी ओरडला, "बोलत ठेव त्याला! झोपू देऊ नकोस!"

काय बोलणार होतो मी? माझ्या तोंडात आलं ते तू.

मी ओरडून सांगितलं, "माझ्या भावाचा पाय असाच गेला! उजवाच! तुझ्याच लष्करातला आहे, ओस्पिना त्याच्याच हाताखाली शिकला!" त्याने डोळे उघडले. "तो चालतो का?" मी म्हणालो, "चालतो? अरे, नाचतो तो! बोगोटाभर हिंडतो. तू तिथे पोचलास की तुला भेटायला येईल. स्वतःच्या पायांनी जिने चढून येईल, बघशील तू."

"शब्द?" तो म्हणाला.

"शब्द," मी म्हणालो.

मग धक्क्यापर्यंत तो मला तुझ्याबद्दल विचारत राहिला आणि मी सांगत राहिलो. तू कुठल्या नाचात चांगला आहेस तेही सांगितलं. तिथून हवाई दलाचं विमान त्याला घेऊन गेलं. धुक्यात एक फट पडली आणि वैमानिकाने ती सोडली नाही.

आत्ता रात्री रेडिओवरून कळलं, तो तुझ्याच इस्पितळात आहे, तुझ्या बराकीसमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तू चालत नाहीस हे मला माहीत आहे. नवा पाय दिलाय आणि तू तो पिशवीतून बाहेर काढला नाहीस, हेही आईला तिथल्या बाईंनी सांगितलंय. मी खोटं बोललो ते माझं पाप. पण शब्द दिला तो तुझ्या नावाने, आणि माणूस तुझ्या लष्कराचा आहे, माझ्या नाही. माझा जेवढा काठ होता तेवढा मी ओलांडला. इथून पुढे तुमची हद्द.

एदेर


बोगोटा, ३० जुलै २००६

एदेर,

मरीन लोक खोटारडे असतात हे मी पहिल्यापासून सांगत आलोय. आता लेखी पुरावा मिळाला.

तुझं पत्र वाचून मी ते भिंतीवर भिरकावलं. मग उचलायला एका पायावर लंगडी घालत गेलो, कारण पाय पिशवीत होता. पत्र पुन्हा वाचलं. मग पिशवी ओढली.

इथे व्यायाम करून घेणारी एक बाई आहे, तिला सगळे जनरल म्हणतात. मी दारात उभा राहिलो तर घड्याळाकडे बघून म्हणाली, "आलात? फार लवकर आलात, मोरेलो. मला वाटलं होतं नाताळला याल." मी म्हणालो मला जिना चढायला शिकवा. ती म्हणाली आधी उभं राहायला शिका. मी म्हणालो वेळ नाही, वरच्या मजल्यावर एक माणूस वाट बघतोय. तेव्हा ती हसायची थांबली.

तुला सांगायला हरकत नाही. डोंगरातून पाठीवर सामान घेऊन चालणं याच्यासमोर काहीच नाही. दोन दांड्यांमधली ती जागा चार हात लांब आहे, आणि तिथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट शिवी दिली. जनरलने तीच शिवी मला परत दिली, जास्त चांगल्या उच्चारात. गुडघ्याखालचं कातडं सोलवटलं. जो पाय नाही त्याच्या अंगठ्यात कळ यायची. मी रोज म्हणायचो उद्या जाईन. मग कुणीतरी म्हणालं की तो बटाटेवाला जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्या दिवशी गेलो.

जिना चढलो. कठडा धरून, लहान मुलासारखा, एका पायरीवर दोन्ही पाय आणत. मान्य. पण चढलो. आणि त्याच्या खोलीच्या दारासमोर, सपाट फरशीवर, धाडकन पडलो. नर्स धावत आली, तिला म्हणालो हात लावायचा नाही. भिंतीला धरून उठलो, शर्ट झटकला, आत गेलो.

त्याने तोंड वळवलं. पँटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आपण एदेर साहेबांचे भाऊ का? ते म्हणाले होते आपण नाचता."

"आत्ताच बाहेर नाचून आलो," मी म्हणालो. "आवाज नाही आला?"

एदेर, तो हसला. हसता हसता रडायला लागला. मी खुर्चीवर बसलो आणि मग मला त्याच्याशी खोटं बोलवेना. मी सांगितलं की माझा भाऊ तुला जगवण्यासाठी वाटेल ते बोलला. मी नाचत नाही. मी चालतही नव्हतो. आज पहिल्यांदा चाललो, कारण तू इथे आहेस.

त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, संपलं, मोडलं मी ह्याला.

मग म्हणाला, "तर मग उद्या दुसऱ्यांदा या."

रोज जातो. तो जेवतो. मला बटाट्यांबद्दल इतकं सांगितलंय की मी आता परीक्षा देऊ शकतो. त्याला विचारलं, तुला इथवर आणलं कुणी? त्याने बोटांवर मोजून दाखवलं. ओस्पिनाच्या लोकांनी झोळीत, बेडकांनी बोटीत, आरमारवाल्याने रक्त धरून ठेवलं, हवाई दलाने विमानात. "आणि वजन विचारलं का?" मी म्हणालो. "विचारलं," म्हणाला. "आपल्याला कसं कळलं?"

बाप्तिस्म्याच्या जेवणात मी जे बोललो ते माझा धाकटा नजरेआड जाणार या भीतीपोटी बोललो होतो. तू माझ्या रांगेत असतास तर मी तुला माझ्या मागे चालवलं असतं आणि मला समोर बघवलं नसतं, सारखं मागे बघत राहिलो असतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं. वाहून नेणारा माणूस असतो म्हणून कुणी तरी चालायला उरतो, हेही कळत नव्हतं. पार्मेनियोला बघितल्यावर कळलं. हे पत्र तुझ्या त्या गोळंदाजाला दाखवायचं नाही.

लेदिसला फोन केला. पहिल्यांदा तिने आवाज ऐकून फोन आपटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा नायिबेने उचलला. ती म्हणाली, "बाबा, तुमचा पाय पुरला का कुणी?" मी म्हणालो माहीत नाही. "विचारलं नाहीत?" म्हणाली. "माझा दात मी पुरला." तिच्याशी बोलत होतो तोवर मागे लेदिस उभी असणार, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने फोन घेतला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मासा मी त्या शिपायालाच आणणार आहे. तुला हवा असेल तर खाली येऊन घे."

ती पंधरवड्याने येते आहे. मी खाली जाणार आहे. जिन्याने.

आणखी एक. तुझी कणकण, तुझं वेडंवाकडं अक्षर. आईला तुझ्या त्या खलाशाकडून कळलं, तुला मलेरिया झाला होता आणि तू तापात बोट चालवत होतास. आईशी खोटं बोल, ते मुलाचं कामच आहे. माझ्याशी नाही. गोळ्या घे. हा हुकूम आहे, आणि माझा हुद्दा तुझ्यापेक्षा मोठा आहे, गणवेश कुठलाही असो.

विल्फ्रिदो


पुएर्तो लेगीसामो, ३ डिसेंबर २००६

दादा,

गोळ्या घेतल्या. ताप गेला. कान अजून गुणगुणतात, पण ते गोळंदाजामुळेही असेल.

पाकिटावर पहिल्यांदाच तुझा घरचा पत्ता लिहिला. सान आन्तेरो लिहिताना हात थांबला जरा, खरं सांगतो.

ओस्पिनाला काल पुन्हा वर सोडलं. पार्मेनियो डोंगरात पोचल्याचं त्याला कळलं होतं. मुलीने आधी ओळखलं नाही म्हणे, मग त्याच्या नव्या पायावर टकटक करून बघितलं आणि मांडीवर चढून बसली. उतारावरचं शेत त्याच्या मेहुण्याने घेतलं आहे आणि याने सपाटीचं. तुझी माणसं माझ्या बोटीत आता पाय आत घेऊनच बसतात, न सांगता. एकाने मात्र विचारलं, "यांच्यात भरती व्हायला काय लागतं?" तर ओस्पिनाने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

वहिनीचं पत्र आलं. ती लिहिते, तू आईच्या शेतात कोनफळं काढायला जातोस. तो लोखंडी पाय ओल्या मातीत रुततो, म्हणून तू त्याला खाली रुंद फळी ठोकली आहेस आणि बदकासारखा चालतोस. शेजारीपाजारी बघायला येतात, तू त्यांना शिव्या देतोस, आणि ते हसतात, मग कुदळी आणून तुझ्याबरोबर खणू लागतात. पडतोस म्हणे अधूनमधून. पडलास की नायिबे शिट्टी वाजवते आणि कुणीही हात द्यायचा नाही, असा नियम आहे.

मला रजा मिळाली. पूर्ण महिन्याची. विमानात जागा मिळाली तर नाताळच्या आधी पोचतो. खलाशांना खुर्च्या आणि आम्हाला पोती, पण पोचतो. बस तुम्हाला माहीत आहे कुठे थांबते. कुणी घ्यायला येऊ नका. आईला सांग, नारळाचा भात कर आणि भरपूर कर. मी आधी जेवणार. मग थेट शेतात येतो.

माझ्यासाठी एक कुदळ बाजूला ठेव. सात वर्षांचं बोलायचं राहिलंय आणि मला समोरासमोर बसून बोलता येत नाही, तुलाही येत नाही. आपण खणत खणत बोलू. तुझी ओळ तू धर, मी शेजारची धरतो.

तुझा,
एदेर